‘जय हिंद सर’ म्हणून फोन करणाऱ्या पदवी-विक्रेत्यास



तुमचं नाव मला ठाऊक आहे. तुमच्या दुकानाचा पत्ता, पैसे घेतलेला क्यूआर कोड आणि आता बंद पडलेले तुमचे दोन्ही नंबर माझ्याकडे आहेत. ते पोलिसांकडे दिलेल्या अर्जात लिहिले आहेत, म्हणून इथे लिहीत नाही. शिवाय हे पत्र तुम्हा एकट्याला नाही. ‘जय हिंद सर, आर्मीवाल्यांसाठी स्पेशल स्कीम आहे’ असं म्हणून फोन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं, मग तो साताऱ्यात गाळा भाड्याने घेऊन बसलेला असो की नोएडातल्या काचेच्या इमारतीत कानाला हेडफोन लावून.

तुमच्या धंद्यात माणसाला ‘लीड’ म्हणतात. आमच्या कॉलेजातून बीकॉम होऊन तुमच्यासारख्याच एका ठिकाणी नोकरी केलेल्या मुलीने मला हे सांगितलं. फौजी असला की त्याच्या नावापुढे वेगळी खूण करायची, हेही तिनेच सांगितलं. खूण कशासाठी, ते तिला समजावून सांगण्यात आलं होतं. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत पडतो, म्हणजे हप्ता बुडत नाही. अधिकारवाणीने बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची त्याला सवय नसते. आणि तो तुमच्या ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटू शकत नाही, कारण तो तवांगला असतो, नाहीतर राजौरीला.

चौथं कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते मी सांगते. कॉलेजच्या वयाच्या मुलाला खोटी पदवी विकली, तर तो पुढच्याच वर्षी नोकरीच्या अर्जासाठी ती बाहेर काढतो आणि तुमचं बिंग फुटतं. जवान ती पेटीत ठेवतो. सर्व्हिस संपते, तो पेन्शनवर येतो, पस्तिशी-चाळिशीत दुसऱ्या नोकरीसाठी रांगेत उभा राहतो आणि तेव्हा पहिल्यांदा तो कागद कोणाच्या तरी टेबलावर ठेवतो. मधल्या काळात तुम्ही दुकानाची पाटी बदललेली असते, कदाचित गावही. पदवी हा तुमचा माल नव्हे. जवानाला चौकशी करायला उसंत नसते आणि खोटेपणा कळायला त्याला फार उशीर होतो, त्या उशिरावर तुमचं घर चालतं.

माझ्या मावसभावाचंच घ्या. दादा हवालदार होता. २०१९ साली तो ईशान्येकडे पोस्टिंगवर असताना तुमचा फोन गेला. तो दहावी पास होऊन भरती झालेला. तुम्ही त्याला म्हणालात, ‘हवालदारसाहेब, ग्रॅज्युएशन नसेल तर रिटायर झाल्यावर सिक्युरिटी गार्डच व्हावं लागेल.’ जखम बरोबर जागी केलीत. आमच्या भागात प्रत्येक गावात असा एक तरी माजी सैनिक दिसतो, सोसायटीच्या गेटवर, निळा शर्ट घालून, गाड्यांचे नंबर वहीत लिहिताना. दादाला तेच होण्याची भीती होती. तुम्ही बेचाळीस हजार मागितले. ‘बॅक सेशन’ने तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी, परीक्षेला यायची गरज नाही, ‘युनिव्हर्सिटी आपलीच आहे.’ वहिनीने स्वतःचे थोडे आणि भिशीचे थोडे असे पैसे जमवून तुमच्या खात्यात टाकले. विद्यापीठाच्या खात्यात नव्हे, तुमच्या. चार महिन्यांत कुरिअरने कागद आले. जाड कागद, चकचकीत होलोग्राम, परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं नाव.

दादा निवृत्त झाला, त्याने एका सरकारी पदासाठी अर्ज केला, आणि त्याच्या कागदपत्र पडताळणीच्या दिवशी मी दादासोबत होते. समोरचा कर्मचारी स्वतः माजी सैनिक. त्याने गुणपत्रिका उजव्या हाताला ठेवली आणि दादाच्या सर्व्हिसचे कागद डाव्या हाताला. मग एकेक बोट दोन्हींवर ठेवून विचारलं, ‘मे २०१६ ला पेपर कुठं दिले म्हणता?’ गुणपत्रिकेवर परीक्षा केंद्र होतं, शहराचं नाव होतं, मे २०१६ होतं. डाव्या हाताच्या कागदावर त्या मे महिन्यात दादा सियाचिनच्या ठाण्यावर होता आणि त्या वर्षीची सुट्टी त्याने ऑक्टोबरात घेतली होती. फौजेत माणूस सुट्टीवर गेला तर पार्ट टू ऑर्डर निघते. परत आला तरी निघते. तारखेवार. जवानाचं आयुष्य असं कागदावर टिपलेलं असतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. तुम्ही रोज फौजींशीच बोलता. तुम्हाला पर्वा नव्हती.

विद्यापीठाला पत्र गेलं. ‘सदर विद्यार्थी आमच्या अभिलेखात नाही’ असं उत्तर आलं. आता चौकशी दादाची चालू आहे. बनावट कागद शासनाला सादर केला तो दादाने. तुमची सही कुठेच नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त संताप ज्याचा येतो ते सांगते. त्या पदासाठी दादाला पदवी लागतच नव्हती. माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे केंद्राचे १९७९ चे नियम आहेत. त्यांत १९८६ साली केलेल्या दुरुस्तीनुसार, दहावी झालेल्या किंवा लष्कराचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट ‘क’च्या राखीव जागांसाठी, जिथे पदवी ही आवश्यक पात्रता आहे तिथेही पात्र धरता येतं. अट एवढीच की त्या कामाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नसावा. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीच्या जाहिरातीतही माजी सैनिकांसाठी अशीच टीप असते. दादाची सेवा २४ वर्षांची. तो आहे तसा, दहावीच्या सनदेवर आणि डिस्चार्ज बुकावर अर्ज करू शकत होता. त्याने पदवी लिहिली, कारण त्याच्याकडे ती होती. तुम्ही दिली होती.

तुम्ही हा नियम त्याला सांगितला नाहीत. सांगितला असता तर बेचाळीस हजार गेले असते तुमच्या हातून.

या नियमाला मर्यादा आहेत, त्याही मी लपवत नाही. ही सवलत गट ‘क’ची आणि राखीव जागांची आहे. गट ‘ब’साठी, राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवेच्या परीक्षांसाठी, बँकेत अधिकारी व्हायला, बीएड करून शिक्षक व्हायला, पुढे एमए करायला खरीच पदवी लागते. तिथे सेवेच्या वर्षांवर काम भागत नाही. म्हणून जवानांनी शिकावं, पदवी घ्यावी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. माझं भांडण शिक्षणाशी नाही. तुमच्याशी आहे.

नोकरीत असताना पदवीने बढती मिळते, हे तुमचं दुसरं खोटं. नाईकाचा हवालदार होताना लष्कराची स्वतःची कॅडर आणि स्वतःच्या परीक्षा असतात. तुमच्या एमबीएने बाहीवर एकही फीत वाढत नाही. ज्याला अधिकारीच व्हायचं आहे त्याच्यासाठी देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे, आणि त्या वाटेला बारावी, वय आणि निवड मंडळाची मुलाखत लागते. हे युनिटमधला एज्युकेशन हवालदार फुकटात सांगतो. त्याला विचारायच्या आधी तुमचा फोन पोचतो, एवढंच.

आता तुम्ही नवं गिऱ्हाईक हेरलं आहे. अग्निवीर.

चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिली तुकडी त्या वर्षाच्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून भरू लागतात. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतील. बाकीची मुलं ऐन विशीत घरी येतील. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे दादाला जी पंधरा वर्षांच्या सेवेची सवलत होती ती यांना नाही. यांना पदवीची गरज दादापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि हातात सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकरकमी येणार आहेत. ही रक्कम तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाला तुमच्या एका भाईबंदाने पाठवलेला मेसेज मी पाहिला आहे. तिरंगा, रायफल घेतलेला जवान, खाली ‘अग्निवीर ते मॅनेजर, आजच सीट ब्लॉक करा, डिफेन्स डिस्काउंट आज रात्री बारापर्यंत’. विद्यापीठ बंद होतं का रात्री बारा वाजता? प्रवेशाची मुदत विद्यापीठ ठरवतं आणि ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वेळापत्रकाप्रमाणे असते. मध्यरात्रीची घाई तुमच्या टार्गेटची आहे.

त्या मुलाला तुम्ही जे सांगितलं नाही ते असं आहे. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (इग्नू) खास पदवी कार्यक्रम आखला. तिन्ही दलांशी करार झाले. पदवीला लागणाऱ्या क्रेडिटपैकी निम्मी त्याने सेवेत घेतलेल्या प्रशिक्षणाबद्दल धरली जातात. उरलेली निम्मी भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांतून त्याने निवडून पूर्ण करायची. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडला तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. दहावीवर भरती झालेल्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत बारावीची सोय आहे. म्हणजे रायफल चालवायला शिकण्यात आणि वायरलेस हाताळण्यात त्याने घालवलेले महिने पदवीत मोजले जातात. तुम्ही मात्र त्याला सांगता की आधी सगळं सोडून आमच्याकडे पहिल्या वर्षापासून पैसे भर, किंवा त्याहून वाईट, एका वर्षात तीन वर्षं उरक.

एका वर्षात तीन वर्षांची पदवी या देशात कोणालाही मिळत नाही. दूरशिक्षणाने नाही, ऑनलाइन नाही, फौजी म्हणून नाही, मंत्री म्हणून नाही. ‘लॅटरल एंट्री’ हा शब्द तुम्ही जिथे तिथे वापरता. आधी कुठे तरी मिळवलेली खरी क्रेडिट विद्यार्थ्याच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात असतील, तर ती पुढे नेता येतात. खातं रिकामं असेल तर थेट तिसरं वर्ष कुठून येणार?

यूजीसीची ४ सप्टेंबर २०२० ची नियमावली तुमच्याकडे असेलच, कारण तिच्यातल्या पळवाटा शोधणं हे तुमचं काम आहे. मी तिच्यातलं सरळ सांगते. दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन कार्यक्रम चालवायला प्रत्येक संस्थेला, प्रत्येक अभ्यासक्रमासाठी मान्यता असावी लागते आणि त्यांची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) पोर्टलवर सत्रागणिक लागते. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे म्हणजे त्याचा ऑनलाइन एमबीए मान्यताप्राप्त आहे असं नाही. ‘यूजीसी अप्रूव्ह्ड’ अशी पाटी लावून तुम्ही नेमकी हीच गल्लत करून घेता. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला पूर्ण बंदी आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने हे जाहीर नोटिशीने पुन्हा सांगितलं. म्हणजे ‘अमुक विद्यापीठाचं अधिकृत केंद्र’ असं तुमच्या गाळ्यावर जे लिहिलं होतं, ते लिहिण्याचाच तुम्हाला अधिकार नव्हता. २०२४ पासून दूरशिक्षणाला किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणाऱ्याला त्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो विद्यार्थ्याने काढायचा. तुम्ही ‘तुमचं सगळं आम्ही करतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणता तेव्हा त्याच्या नावाने काय काय उघडता, देव जाणे.

इंजिनीअरिंगचं तर विचारूच नका. सिग्नल्स, ईएमई अशा लष्कराच्या तांत्रिक शाखांतल्या मुलांना तुम्ही अजूनही डिस्टन्सचं बीटेक विकता. इंजिनीअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर, फिजिओथेरपी यांची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेता येत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांबद्दल निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देऊन पात्र ठरायची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्या पदवीवर मिळालेल्या बढत्या आणि लाभही गेले. त्याआधी फेब्रुवारी २००५ मध्ये छत्तीसगडमधली शंभरावर खाजगी विद्यापीठं एका निकालात गेली. २००२ च्या कायद्याने ती निघाली होती आणि त्यांतली कित्येक एखाद्या खोलीत चालत होती. प्रत्येक वेळी वरची माणसं सुटली आणि ज्याने फी भरली तो रस्त्यावर आला.

तुमच्यापैकी जे जास्त शहरी आहेत ते खोटी पदवी देत नाहीत. ते खऱ्या विद्यापीठाची खरी ऑनलाइन पदवी विकतात, म्हणून स्वतःला साधू समजतात. त्यांनाही माझे दोन प्रश्न आहेत. पहिला कर्जाचा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून तुम्ही जवानाकडून फोनवर जी संमती घेता, ती फीची नसते, एका फायनान्स कंपनीच्या कर्जाची असते. युनिट सरावासाठी वाळवंटात गेलं, दोन महिने नेटवर्क नाही, लाइव्ह लेक्चर सगळी बुडाली, त्याने कोर्स सोडला, तरी हप्ता खात्यातून जात राहतो. दुसरा प्रश्न परीक्षेचा. तुमची ऑनलाइन परीक्षा देखरेखीखाली होते. लॅपटॉपचा कॅमेरा सुरू ठेवा, खोली चारही बाजूंनी फिरवून दाखवा, शेजारी कोणी दिसता कामा नये. बरॅक फिरवून दाखवायची? ज्या लष्कराने २०२० मध्ये आपल्या जवानांना ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली, त्याच्या आवारात? हे तुम्ही प्रवेशाच्या वेळी सांगता का? तुम्ही ‘कुठूनही, केव्हाही’ असं सांगता.

आणि तुमच्या फॉर्ममध्ये ‘सध्याचं पोस्टिंग’ आणि ‘युनिटचं नाव’ हे रकाने कशासाठी आहेत? बीएच्या प्रवेशाला युनिटचं नाव कोणतंही विद्यापीठ अशा रीतीने मागत नाही. तुमच्याकडचा माणूस नोकरी सोडताना ही एक्सेल शीट पेन ड्राइव्हवर नेतो आणि दुसऱ्या दुकानाला विकतो. कोणती पलटण कुठे आहे याची यादी पैसे देणाऱ्या कोणाच्याही हातात पडू शकते. देशप्रेमाच्या गोष्टी तुम्ही करू नका.

अमेरिकेत तुमच्यासारख्यांनी हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर केला. तिथे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार जीआय बिलाखाली करतं. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना एक नियम होता. उत्पन्नातला ९० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा शिक्षण खात्याच्या मदतीतून येता कामा नये, निदान १० टक्के बाहेरून मिळवून दाखवा. सैनिकांच्या लाभाचा पैसाही सरकारीच, पण तो या बाहेरच्या दहा टक्क्यांत धरला जाई. म्हणजे एका सैनिकाकडून आलेल्या एका डॉलरवर आणखी नऊ सरकारी डॉलर घेता येत. मग सैनिकांना गाठायला भरती करणारे एजंट लष्करी तळांपर्यंत पोचले. २०१५ मध्ये एक मोठी साखळी बंद पडली, २०१६ मध्ये दुसरी, आणि हजारो माजी सैनिक अर्धवट पदवी घेऊन उभे राहिले. ही पळवाट बुजवायला २०२१ चा कायदा लागला आणि तो लागू झाला २०२३ मध्ये. आपल्याकडे तुमच्यावर लक्ष ठेवणारा निदान एवढा कायदा तरी आहे का, हे मी शोधलं. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ सांगतं की पदवी कोण देऊ शकतं, आणि कलम २४ सांगतं की ते मोडल्यास दंड किती. एक हजार रुपयांपर्यंत. दादाच्या एका फसवणुकीच्या पैशातून तुम्ही तो दंड बेचाळीस वेळा भरू शकता. हा आकडा बदला, असं मी खासदारांना लिहिलं आहे. तोवर फसवणूक आणि बनावट दस्तऐवज यांच्या कलमांखाली तुमच्यावर गुन्हा नोंदवून घेणं एवढंच आमच्या हाती आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.

खरी वाट काय आहे, ते तुमच्याच पत्रात लिहिते, म्हणजे तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाने हे पत्र वाचलं तर त्याचं काम होईल. इग्नू १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालं. लष्कर, नौदल आणि आसाम रायफल्ससाठी त्याने वेगळी मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रं केली. बीएला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, म्हणजे एक वर्ष हाय अल्टिट्यूडला गेलं तरी पदवी बुडत नाही. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. परीक्षेचा अर्ज भरताना केंद्र निवडता येतं, त्यामुळे यंदा जम्मू आणि पुढच्या खेपेला सातारा असं चालतं. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा असते. परीक्षेच्या तारखा कळल्या की सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणे टाकायचा. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांची परवानगी आधी घ्यायची आणि पास झाल्यावर पदवीची नोंद रेकॉर्डमध्ये करून घ्यायची. हीच नोंद पुढे पडताळणीत उभी राहते.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. चीनशी युद्ध चालू असताना नोव्हेंबर १९६२ मध्ये ज्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं गेलं, त्यांच्या नावाचं. मराठीत शिकता येतं, फी आवाक्यातली, तालुक्यागणिक अभ्यासकेंद्रं. एक अडचण आहे आणि ती मी जवानाला आधीच सांगते. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्यातच चालवता येतं, म्हणून परीक्षेला महाराष्ट्रात यावं लागतं. ज्याची सुट्टी परीक्षेच्या महिन्यात बसत नाही त्याने इग्नू घ्यावं. ज्याचं पोस्टिंग पुण्यात, देवळालीत, अहिल्यानगरला आहे किंवा सुट्टी नक्की मिळते, त्याने मुक्त विद्यापीठ. रोजचं नेटवर्क असलेल्या ठिकाणी पुढची दोन-तीन वर्षं नक्की आहेत, त्याने ऑनलाइनचा विचार करावा. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं आहे की मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. त्यामुळे ‘डिस्टन्सला किंमत नाही, आमची रेग्युलर दाखवतो’ हे तुमचं वाक्यही खोटं, आणि रेग्युलर दाखवणं हा तर सरळ गुन्हा. नोकरीतला जवान रोज वर्गात कसा बसला, या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

तुम्ही म्हणाल, जवान स्वतः मागतो, आम्ही पुरवतो. काही जण मागतात, खरं आहे. परीक्षा टाळून कागद मिळावा असं वाटणारी माणसं फौजेतही आहेत आणि त्यांनाही मी सोडत नाही. पण दादाने तुम्हाला विचारलं होतं, ‘हे कायदेशीर आहे ना?’ तो मेसेज अजून त्याच्या फोनमध्ये आहे. तुमचं उत्तरही आहे: ‘१००% लीगल सर, आर्मी कोटा.’ पदवीत आर्मी कोटा नावाची गोष्ट नाही. तुम्ही प्रामाणिक माणसाच्या सरळ प्रश्नाला खोटं उत्तर दिलंत, तेही त्याच्या गणवेशाचं नाव घेऊन.

दादाचे बेचाळीस हजार परत करा आणि तो कागद तुम्हीच बनवून दिला होता असं चौकशी अधिकाऱ्यापुढे लिहून द्या. तुमच्याकडून माझी एवढीच मागणी आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना विनंती: यूजीसीच्या पोर्टलवर विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव त्याच सत्रासाठी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, आणि पाठवाल तेव्हा विद्यापीठाच्याच खात्यात. डीईबी आयडी स्वतः काढा, ओटीपी कोणाला सांगू नका. पैसे आधीच गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. ताजी फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा. जुनी असेल तर पावती, मेसेज आणि तो कागद घेऊन पोलिसांत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि तो कागद कुठल्याही अर्जाला जोडू नका.